भेंडीबाजारचें प्रार्थनामंदिर आणि पनवेलची वाट

गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले, तेव्हां हिंदुस्थान सोडून जाण्याचा कंपनी सरकारचा हुकूम त्यांच्या मागोमाग आलाच होता. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनीं त्यांची रवानगी लांबणीवर टाकली, म्हणून ते राहिले. पंथानें ते काँग्रिगेशनल. चर्च म्हणजे बिशपची सत्ता नव्हे, इमारतहि नव्हे, तर जमलेली मंडळी, असें त्यांचें मत. तरी गंमत अशी कीं, १८२३ त भेंडीबाजारांत त्यांचें प्रार्थनामंदिर उभें राहिलें, आणि देशी सभासद मात्र जवळजवळ नव्हतेच! हॉल १८२६ त नाशिककडील प्रवासांत पटकीनें वारले.

१८३० त बोरघाटाची गाडीवाट खुली झाली. मुंबईकरानें मचव्यांतून पनवेल गांठावें नि तेथून घाट चढावा, असा तेव्हांचा प्रघात. (खुद्द पनवेलांतलें जुनें प्रार्थनागृह आहे तें बेने इस्रायलांचें, १८४९ चें.) १८३१ च्या अखेरीस मिशननें घाटावर अहमदनगरास ठाणें केलें, १८३३ त तेथें मंडळी स्थापन झाली. १८५४ सालीं हरिपंत खिस्ती तिचे पाळक झाले. ते जन्मानें ब्राह्मण. मंडळींत महार कुळांतले सभासद पुष्कळ, आणि पंथाच्या रीतीप्रमाणें मत प्रत्येकाचें एकच.