बाटलीवरचा क्रमांक

धाराशिव आणि बार्शी आज शेजारची गावे आहेत; 1948 पर्यंत मात्र त्यांच्यामधून दोन राजवटींची हद्द जात होती. बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात, तर धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) निजामाच्या मुलखात. 1897 मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे 1911 पर्यंत येडशीमार्गे लातूरला पोचली, तेव्हा कापूस, माणसे आणि साथी हद्दीला जुमानेनाशा झाल्या. कायदा मात्र हद्दीपाशीच थांबे. 1940 चा औषध कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता आणि त्यातली विक्रीची कलमे तिथेही 1947 मध्येच अमलात आली. औषधनियमनाच्या इतिहासात बंदी, परवाना आणि शिक्षा यांचीच चर्चा जास्त होते. पण रोग्याला सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट साधी आहे : कोणते औषध, कुठून आले, कोणाला दिले, याची नोंद.

याचा पहिला मोठा दाखला प्लेगच्या काळातला आहे. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी मुंबईच्या याच लशीने टोचलेल्या 107 जणांपैकी 19 जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांच्यावर ठपका आला. पण हे 19 ही जण 53एन या एकाच बाटलीतून टोचलेले होते, बाकीच्या बाटल्यांमधून टोचलेले बचावले, हे नोंदीमुळेच कळले. बूच काढणारा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता, ही साक्षही होती. तरी हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसला जायला 1907 उजाडले. बाटलीला क्रमांक नसता तर दोष सगळ्या लशीवर बसला असता.

पुढचा प्रवास याच अंगाने झाला. औषधांच्या चौकशीसाठी नेमलेल्या चोप्रा समितीने 1930-31 मध्ये भेसळयुक्त औषधांचा बाजार उघड केला, तेव्हा कुठे 1940 चा कायदा आला. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉलने 14 रुग्ण गेले आणि त्याची चौकशी करणाऱ्या लेंटिन आयोगाने खरेदी व तपासणीतली ढिलाई मांडली. प्रतिजैविकांच्या बेसुमार वापराला आळा घालण्यासाठी 2013 मध्ये ‘शेड्यूल एच-1’ ही औषधांची यादी आली आणि 1 मार्च 2014 पासून लागू झाली. तिच्यातल्या मूळ 46 औषधांत क्षयाची औषधेही आहेत. या यादीतली औषधे विकताना दुकानदाराने डॉक्टर, रुग्ण, औषध आणि प्रमाण स्वतंत्र वहीत लिहून ती तीन वर्षे जपायची असते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला : जिथे डॉक्टर दूर आणि औषधाचे दुकान जवळ, तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीची सक्ती गरिबाला जाचते. खरे आहे, पण ही सक्ती तापाच्या साध्या गोळीवर नाही, जपून वापरायच्या औषधांवर आहे. क्षयाच्या गोळ्या अर्धवट घेऊन सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात आणि तो आजार घरातल्या दुसऱ्यालाही होऊ शकतो. डॉक्टर दूर असणे ही सरकारची उणीव आहे; ती भरून काढण्याचा मार्ग वही मिटणे हा नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : वह्या भरतात, पण त्या पाहतो कोण? निरीक्षक मोजके, दुकाने पुष्कळ. तरीही न पाहिलेली वही आणि नसलेली वही सारखी नसते. मुल्कोवालच्या नोंदीही दुर्घटनेनंतरच चाळल्या गेल्या होत्या. शिवाय 2018 पासून क्षयरुग्णाची माहिती कळवणे औषधविक्रेत्यांवरही बंधनकारक आहे, म्हणजे हीच नोंद आता उपचाराचा पाठपुरावा करायलाही लागते.

हद्दीपलीकडच्या धाराशिवला औषधांचा कायदा उशिरा मिळाला; आता नोंदीची सोय आहे. म्हणून औषध घेताना पावती मागावी, तिच्यावरचा बॅच क्रमांक वाचावा आणि ती पावती फेकू नये.