भिलाईतील हुडको : कायम नोकरी, ठेका मजुरी आणि मिळकतीची दरी

छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात, भिलाई शहरात ‘हुडको’ नावाची वसाहत आहे. केंद्र सरकारने १९७० मध्ये स्थापन केलेल्या गृहनिर्माण व नगरविकास महामंडळाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव रूढ झाले. या महामंडळाच्या योजनांत घरांची प्रतवारी कुटुंबाच्या मिळकतीनुसार होते : दुर्बल, अल्प, मध्यम आणि उच्च उत्पन्न गट. भिलाईत मात्र कुटुंबाची पायरी ठरते ती आणखी एका गोष्टीवर. घरातील कर्ता पोलाद कारखान्याच्या हजेरीपटावर आहे, की ठेकेदाराच्या?

सोव्हिएत संघाच्या साहाय्याने कारखाना उभारण्याचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. भारतीय रेल्वेचे रूळ येथेच तयार होऊ लागले. देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. नागपूर-हावडा लोहमार्गामुळे विदर्भातील मराठी कुटुंबांना तर हे शहर जवळचेच होते. कायम कामगाराला वेतनाबरोबर निवासस्थान, शाळा, रुग्णालय आणि भविष्यनिर्वाह निधी मिळाला.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९३ पासून भिलाईचा अभ्यास केला; त्यावरील त्यांचा ग्रंथ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. येथील बोलीत ‘नौकरी’ आणि ‘काम’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि कामगारवर्गातील खरी भेगही तीच, असे त्यांचे प्रतिपादन आहे. (‘नोकरी लागली’ या शब्दांतला दिलासा मराठी वाचकाला वेगळा सांगावा लागत नाही.) कायम कामगाराची पत्नी सहसा मजुरीला जात नाही. ठेका मजुराच्या घरी मात्र पती-पत्नी दोघेही राबतात. बांधकामावर ओझी वाहणाऱ्या स्त्रीला येथे ‘रेजा’ म्हणतात. तरीही दोघांची मिळून मजुरी एका कायम वेतनाच्या जवळपासही पोहोचत नाही.

१९८० च्या दशकाच्या मध्यास कारखान्यात सुमारे ६५ हजार कायम कर्मचारी होते. २०१० च्या दशकात ही संख्या निम्म्याहून खाली आली. उत्पादन घटले नव्हते. बरेचसे काम ठेकेदारांकडे गेले होते.

याच प्रश्नाने हुडकोचे नाव देशभर पोहोचवले. दल्ली-राजहरा येथील लोहखाणींतील ठेका मजुरांचे नेते शंकर गुहा नियोगी यांनी १९९० पासून भिलाईच्या खासगी कारखान्यांत जगण्यापुरते वेतन आणि कायम नेमणूक यांसाठी लढा उभारला. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे, हुडकोतील घरात झोपेत असताना, त्यांची गोळी घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्थानकावर रूळांवर बसलेल्या आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात किमान १६ कामगार मृत्युमुखी पडले. हत्येच्या खटल्यात सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये काही उद्योजकांनाही दोषी ठरवले होते. उच्च न्यायालयाने सर्वांची मुक्तता केली आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ गोळी झाडणाऱ्याला दोषी ठरवले.

ठेका पद्धतीला मनाई झाली म्हणून ते कामगार आपोआप मूळ आस्थापनेचे ठरत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. त्या खटल्यात एक पक्ष भारतीय पोलाद प्राधिकरण, म्हणजे भिलाई कारखान्याची मालक कंपनी, हाच होता. त्यानंतर वर्षानुवर्षे एकाच भट्टीपाशी राबलेल्या मजुरालाही कायम होण्यासाठी, आपला ठेका निव्वळ कागदोपत्री होता हे सिद्ध करणे भाग पडले.