खिळा आणि त्याची जागा

शस्त्रक्रियेच्या धोक्यांवरून जगात गाजलेल्या एका वादात हैदराबादचे नाव ठळकपणे येते. क्लोरोफॉर्मने रोगी दगावतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, असा तो वाद. अफझलगंज रुग्णालयातील शल्यवैद्य एडवर्ड लॉरी यांचा आग्रह असा की, श्वासावर नजर ठेवावी. नाडीकडे पाहण्याचे कारण नाही. सहावे निजाम महबूब अली खान यांनी खर्च सोसला, लंडनच्या ‘लॅन्सेट’ने लॉडर ब्रंटन यांना पाठविले आणि १८८९ च्या आयोगाने लॉरींचीच बाजू उचलून धरली. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की, अपुऱ्या भुलेतही हृदय अकस्मात बंद पडू शकते. श्वास जपण्याची लॉरींची शिकवण मोलाची होती. पण त्यांनी एकाच बाजूने पाहिले.

एकाच बाजूने पाहण्याची ही चूक खुब्याच्या अस्थिभंगातही फार महाग पडली आहे. न्हाणीघरात पाय घसरून म्हातारे माणूस पडावे, मांडीच्या हाडाची मान मोडावी आणि त्याने अंथरूण धरावे, ही घरोघरची कथा. पूर्वी अशा रोग्याला कित्येक आठवडे वजने लावून किंवा छातीपासून पायापर्यंत प्लास्टर घालून निजवून ठेवीत. मग पाठीला शय्याव्रण होत, छातीत कफ साठे, आणि हाड जुळण्यापूर्वीच माणूस जाई. माणसाला अंथरुणावरून उठविणे हाच खरा उपचार होता. त्यासाठी हाड आतून पक्के करणे भाग होते.

ते १९२५ मध्ये बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी साधले. त्यांच्या पोलादी खिळ्याला तीन पाती होती. त्यामुळे हाडाचे गोल डोके खिळ्याभोवती फिरत नसे. मात्र त्यासाठी सांधा उघडावा लागे. १९३२ मध्ये स्वीडनच्या स्वेन योहान्सन यांनी खिळा लांबीभर पोकळ केला. आधी बारीक तार घालावयाची, क्ष-किरणांनी ती पाहावयाची, चुकली असेल तर काढून पुन्हा घालावयाची, आणि मनासारखी बसली की तिच्यावरून खिळा ठोकावयाचा. सांधा उघडण्याची गरज उरली नाही. तार चुकली तर इजा थोडी; खिळा चुकला तर तो काढताना डोक्यातले हाडच पोखरले जाते.

परंतु क्ष-किरणांचे चित्र म्हणजे अखेर सावलीच. समोरून घेतलेल्या चित्रात तार डोक्याच्या मध्यभागी दिसते. बाजूने पाहावे तो ती मागच्या काठाला लागलेली! म्हणून दोन दिशांची दोन चित्रे अवश्य. ज्या काळी प्रत्येक चित्र अंधाऱ्या खोलीत धुऊन ओलेच पाहावे लागे, त्या काळी दुसऱ्या चित्राचा कंटाळा येणे स्वाभाविक होते. त्याचे फळ मात्र रोगी भोगत असे.

मानेखालच्या भागात हाड मोडले तर अडचण निराळी. तेथे हाड जुळते, पण जुळताना थोडे बसते. खिळा आणि पट्टी एकसंध असली की खिळ्याला मागे सरकता येत नाही. त्याचे टोक डोके भेदून सांध्यात शिरते. १९५० नंतरच्या दशकात नळीत सरकणारा स्क्रू आला आणि हा दोष पुष्कळसा टळला. तरीही ठिसूळ हाडात आडजागी बसविलेला स्क्रू डोके फोडून बाहेर येतच राहिला. दोष धातूवर टाकणे सोपे असते. १९९५ मध्ये अमेरिकेत बाउमगार्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष मोजूनच दाखविला. स्क्रूचे टोक डोक्याच्या शिखरापासून किती दूर आहे, हे त्यांनी समोरच्या व बाजूच्या अशा दोन्ही चित्रांत मोजले आणि दोन्ही अंतरांची बेरीज केली. ती २५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरलेले १२० स्क्रू होते. त्यांपैकी एकही डोके फोडून बाहेर आला नाही. एवढी साधी बेरीज करावयास सत्तर वर्षे लागावीत, याचे नवल वाटते.

हैदराबादेत पंजागुट्टा येथे १९६० नंतरच्या दशकात निजामांच्या धर्मादाय निधीतून अस्थिरोगांचे रुग्णालय उभे राहिले. १९८० नंतरच्या दशकात त्याचे रूपांतर निजाम वैद्यकीय विज्ञान संस्थेत झाले. तिचे पहिले संचालक काकर्ला सुब्बाराव हे शल्यवैद्य नव्हते. ते क्ष-किरणतज्ज्ञ होते आणि हाडांची चित्रे वाचणे हा त्यांचा खास विषय. हाडांच्या रुग्णालयातून वाढलेल्या संस्थेला असा धुरीण लाभावा, हा योग सुरेखच म्हणावयाचा.

मानेत मोडलेल्या हाडाची कथा मात्र खिळ्यावर संपत नाही. डोक्याचा रक्तपुरवठा मुख्यतः मानेवरून जातो. तो तुटला की उत्तम बसलेल्या खिळ्याभोवतीही डोके मरू शकते. म्हणून वृद्धांत बहुधा ते काढून धातूचे डोके बसवितात. तेथेही प्रश्न जागेचाच. खुंटी थोडी मागे वळलेली बसली, तर खाली बसताना किंवा वाकताना डोके खोबणीतून निसटते. उकिडवे बसणे आणि जमिनीवर मांडी घालणे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, त्यांना ही अडचण रोजची. म्हणून जखम शिवण्यापूर्वी शल्यवैद्य रोग्याचा पाय स्वतः वाकवून व वळवून पाहतात. डोके हलते असे दिसले, तर खुंटी काढून पुन्हा बसवितात.