क्रीडासामन्यांतील राष्ट्रगीत

आंतरराष्ट्रीय व काही देशांत देशांतर्गतही क्रीडासामन्यांच्या प्रारंभी, तसेच विजेत्यांच्या गौरवप्रसंगी संबंधित राष्ट्राचे राष्ट्रगीत गाण्याचा किंवा वाद्यांवर वाजविण्याचा प्रघात. तो आज इतका रूढ झाला आहे, की खेळांइतकाच तो जुना असावा, असा समज होतो. वस्तुतः त्याचे वय सव्वाशे वर्षांच्या आसपास आहे. प्राचीन ग्रीसमध्ये ऑलिंपिया येथे विजेत्याचे नाव, त्याच्या पित्याचे नाव व त्याचे नगर यांची ललकारी दिली जाई. गीताने राष्ट्राची ओळख पटविण्याची कल्पना तेथे नव्हती व असणे शक्यही नव्हते. राष्ट्रगीत हेच मुळी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील यूरोपीय राष्ट्रवादाचे अपत्य होय. ते मैदानावर येण्यास संघटित खेळ, हजारोंनी जमणारे प्रेक्षक व दोन राष्ट्रांतील नियमित सामने यांची आवश्यकता होती. पुढे ध्वनिक्षेपकाने हा प्रघात सोपा व स्वस्त केला.

या परंपरेची दोन मुळे आहेत व ती वेगवेगळी लक्षात घेतली पाहिजेत. सामन्यापूर्वीचे गीत हे मुख्यतः प्रेक्षकांचे गीत आहे. विजयानंतरचे गीत हा राज्यसंस्थेच्या शिष्टाचाराचा भाग आहे. पहिल्यात उत्स्फूर्तता होती, दुसऱ्यात आरंभापासूनच शिस्त होती. कालांतराने दोन्ही एकमेकांत मिसळले आणि या प्रथेभोवती पुढे जे वाद निर्माण झाले, त्यांतील बहुतेकांचे मूळ या मिश्रणात सापडते.

पहिल्या प्रकारचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण वेल्समधील आहे. १६ डिसेंबर १९०५ रोजी कार्डिफ आर्म्‌स पार्क या मैदानावर वेल्स व न्यूझीलंड यांच्यात रग्बीचा सामना झाला. न्यूझीलंडचा संघ ब्रिटनच्या त्या दौऱ्यात तोवर अजिंक्य राहिला होता व सामन्यापूर्वी माओरी लोकांचे ‘हाका’ हे आवेशपूर्ण नृत्य करून प्रतिपक्षावर दडपण आणण्याची त्याची पद्धत होती. तिला उत्तर म्हणून वेल्सचा खेळाडू टेडी मॉर्गन याने ‘माझ्या वाडवडिलांची भूमी’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे वेल्श गीत सुरू केले व प्रेक्षकांनी ते उचलून धरले. हे गीत पाँटिप्रिद येथील इव्हान जेम्स व त्याचा मुलगा जेम्स जेम्स यांनी १८५६ मध्ये रचले होते. वेल्सला स्वतंत्र राज्य नसल्याने त्याला कायद्याचा आधार मात्र नव्हता. वेल्सने हा सामना ३–० असा जिंकला आणि एकमेव ‘ट्राय’ मॉर्गननेच केला. आंतरराष्ट्रीय सामन्यापूर्वी राष्ट्रगीत गायिले जाण्याचा हा पहिला प्रसंग, असे सामान्यतः मानतात. राज्य नसलेल्या लोकांनी, राजमान्यता नसलेले गीत, स्वतःहून म्हणावे आणि त्यातून जगभराचा राजशिष्टाचार निर्माण व्हावा, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही प्रथा बेसबॉलबरोबर वाढली. फ्रान्सिस स्कॉट की याने १८१४ मध्ये बाल्टिमोरजवळील मॅकहेन्री किल्ल्यावरील तोफांचा भडिमार पाहून रचलेले गीत एकोणिसाव्या शतकातही अधूनमधून मैदानांवर वाजविले जाई. पण त्याला प्रथेचे रूप आले, ते पहिल्या महायुद्धात. १९१८ ची ‘वर्ल्ड सीरिज’ ही अजिंक्यपद मालिका युद्धामुळे नेहमीपेक्षा लवकर, सप्टेंबरमध्येच, भरविण्यात आली. शिकागो येथील पहिल्या सामन्याच्या (५ सप्टेंबर) आदल्या दिवशी तेथील संघराज्य-शासनाच्या इमारतीत बाँबस्फोट होऊन चार जण दगावले होते. सामन्यास केवळ १९,२७४ प्रेक्षक आले व तेही उत्साहहीन होते. सातव्या डावाच्या मध्यंतरात बँडने हे गीत वाजविण्यास सुरुवात केली. नौदलातून रजेवर आलेला बॉस्टनचा खेळाडू फ्रेड टॉमस याने ध्वजाकडे वळून लष्करी पद्धतीने वंदन केले, इतर खेळाडूंनी टोप्या काढल्या, प्रेक्षक हळूहळू गाऊ लागले व अखेरीस टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढील सामन्यांत शिकागोच्या संघाने हा कार्यक्रम मुद्दाम ठेवला. मालिका बॉस्टनला गेली, तेव्हा तेथील चालकांनी तो सामन्याच्या आरंभी घेतला व जखमी सैनिकांना सन्मानाने मैदानात बोलाविले. देशभक्तीबरोबर तिकिटांच्या विक्रीचाही विचार यामागे नव्हता, असे म्हणवत नाही. हे गीत अधिकृत राष्ट्रगीत ठरले, ते मात्र ३ मार्च १९३१ च्या कायद्याने. म्हणजे मैदानाने त्याचा स्वीकार राज्याच्या आधी केला. दुसऱ्या महायुद्धात ते प्रत्येक सामन्याच्या प्रारंभी नित्यनेमाने होऊ लागले व युद्ध संपल्यावरही थांबले नाही. रोजच्या वापराने गीताचे मोल कमी होते, या विचाराने १९५४ मध्ये खुद्द बाल्टिमोरच्या संघाच्या व्यवस्थापनाने ते विशेष प्रसंगांपुरतेच ठेवण्याचा प्रयत्न केला; परंतु लोकमताच्या दडपणापुढे अल्पावधीतच तो सोडून द्यावा लागला.

दुसऱ्या प्रकाराचे, म्हणजे विजयगीताचे, घर ऑलिंपिक क्रीडासामने हे होय. अथेन्स येथील १८९६ च्या सामन्यांत विजेत्याच्या देशाचा ध्वज उभारण्यात येई. १९३२ मध्ये विजेत्यांसाठी तीन पायऱ्यांचा मंच आला आणि ध्वजारोहण व राष्ट्रगीत यांसह तो विधी आजच्या परिचित स्वरूपास पोहोचला. ऑलिंपिक सनद या विधीच्या संदर्भात राष्ट्राचे नव्हे, तर विजेत्याच्या ‘पथकाचे गीत’ असा शब्दप्रयोग करते. सामने व्यक्तींमध्ये व संघांमध्ये होतात, राष्ट्रांमध्ये नव्हेत, हे तत्त्व त्यातून सांभाळलेले दिसते. प्रत्यक्षात ते कोणाच्या लक्षात राहत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडिज यांच्या कारकीर्दीत (१९५२–७२) राष्ट्रगीते व राष्ट्रध्वज विजयविधीतून वगळण्याच्या सूचना चर्चेस आल्या. परंतु त्यांस आवश्यक ते बहुमत लाभले नाही.

ज्या विजेत्यांना स्वतःचे गीत नव्हते, त्यांच्या वाट्याला हा सन्मान शिक्षा म्हणून आला. बर्लिन येथे १९३६ मध्ये मॅराथॉन शर्यत जिंकणारा सोन की-चुंग हा कोरियन होता. पण कोरिया जपानच्या अंमलाखाली असल्याने त्याला जपानी नावाने व जपानी पोशाखात धावावे लागले. जपानचे राष्ट्रगीत सुरू असताना तो मान खाली घालून उभा राहिला. कोरियातील एका दैनिकाने त्याच्या छायाचित्रातील छातीवरचे जपानी चिन्ह पुसून ते प्रसिद्ध केले, तेव्हा सरकारने पत्राचे प्रकाशन काही महिने बंद पाडले व संबंधित पत्रकारांना अटक केली.

त्याच बर्लिनमध्ये भारताच्या हॉकी संघाची स्थिती फारशी निराळी नव्हती. संघ ब्रिटिश हिंदुस्थानच्या ध्वजाखाली खेळत होता. १५ ऑगस्ट १९३६ रोजी जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यापूर्वी संघाचे साहाय्यक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी पोशाखाच्या खोलीत काँग्रेसचा तिरंगा काढला व ध्यानचंद यांच्यासह सर्व खेळाडूंनी त्यास वंदन केले. भारताने सामना ८–१ असा जिंकला. बारा वर्षांनंतर, १२ ऑगस्ट १९४८ रोजी, लंडन येथील वेंब्ली मैदानावर किशनलाल यांच्या नेतृत्वाखालील संघाने ब्रिटनचा ४–० असा पराभव केला. तेव्हा तिरंगा उघडपणे चढला व भारताचे राष्ट्रगीत वाजले. रवींद्रनाथ टागोरांचे हे गीत १९११ मध्ये कलकत्ता येथील काँग्रेस अधिवेशनात प्रथम गायिले गेले होते. परंतु वेंब्लीच्या विजयाच्या वेळी संविधान सभेचा निर्णय व्हावयाचा होता आणि मंत्रिमंडळाच्या तात्पुरत्या निर्णयानुसारच त्याचा वापर होत होता. संविधान सभेत त्यास विधिवत मान्यता मिळाली, ती २४ जानेवारी १९५० रोजी.

हेलसिंकी येथे १९५२ मध्ये सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांनी बँटम वजनगटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. विधीच्या नियमाप्रमाणे पहिल्या तीन क्रमांकांचे ध्वज चढतात. गीत मात्र केवळ विजेत्याचे होते व त्या गटातील विजेता शोहाची इशी हा जपानी होता. वैयक्तिक विजयाबद्दल भारताचे राष्ट्रगीत मोठ्या आंतरराष्ट्रीय मैदानावर होण्याचा एक संस्मरणीय प्रसंग १९५८ च्या राष्ट्रकुल सामन्यांत आला. मिल्खा सिंग यांनी ४४० यार्डांची शर्यत ४६.६ सेकंदांत जिंकली. हे सामनेही कार्डिफ आर्म्‌स पार्क येथेच झाले, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. ऑलिंपिकमध्ये मात्र प्रदीर्घ काळ हॉकी संघानेच हा मान राखला : १९४८, १९५२, १९५६, १९६४ व १९८०. त्यानंतर अठ्ठावीस वर्षे भारताचे राष्ट्रगीत ऑलिंपिक विजयमंचासमोर वाजले नाही. अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये बेजिंग येथे नेमबाजीत व नीरज चोप्रा यांनी २०२१ मध्ये टोकिओ येथे भालाफेकीत सुवर्णपदक मिळविले, तेव्हा ते पुन्हा ऐकू आले. क्रिकेटमध्ये भारत व बांगला देश समोरासमोर येतात, तेव्हा लागोपाठ होणारी दोन्ही राष्ट्रगीते टागोरांचीच असतात.

एका संघात अनेक राज्यांचे वा परस्परविरोधी निष्ठांचे खेळाडू असले, म्हणजे कोणते गीत घ्यावयाचे, असा पेच पडतो. पूर्व व पश्चिम जर्मनीच्या संयुक्त पथकासाठी १९५६ ते १९६४ या काळातील ऑलिंपिक सामन्यांत बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीतील आनंदगीताची सुरावट घेण्यात आली. वेस्ट इंडीजचा क्रिकेट संघ डेव्हिड रडर याच्या कॅलिप्सो गीतावर उभा राहतो. आयर्लंडच्या रग्बी संघात प्रजासत्ताकाचे व उत्तर आयर्लंडचे खेळाडू एकत्र खेळतात. त्यांच्यासाठी १९९५ मध्ये फिल कोल्टर याच्याकडून स्वतंत्र गीत रचून घेण्यात आले. काव्य म्हणून ते सामान्य आहे, परंतु त्याने आपले काम केले. याच आयर्लंडमध्ये २४ फेब्रुवारी २००७ रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर इंग्लंडचे राष्ट्रगीत वाजणार, म्हणून मोठा वाद माजला होता. कारण २१ नोव्हेंबर १९२० रोजी याच मैदानावर चाललेल्या सामन्यात ब्रिटिश दलांनी गोळीबार करून चौदा जणांचे प्राण घेतले होते. प्रत्यक्षात ८० हजारांवर प्रेक्षकांनी ते गीत शांतपणे ऐकून घेतले आणि आयर्लंडने सामना ४३–१३ असा जिंकला. दक्षिण आफ्रिकेत याच्या उलट घडले होते. १५ ऑगस्ट १९९२ रोजी जोहॅनिसबर्ग येथे न्यूझीलंडविरुद्धच्या पुनरागमनाच्या सामन्यात आफ्रिकन नॅशनल काँग्रेसशी झालेला समझोता मोडून वर्णद्वेषी राजवटीचे गीत वाजविण्यात आले व प्रेक्षकांनी ते हट्टाने गायिले. पुढे १९९७ मध्ये त्या गीताचा अंश व इनॉक सोंटोंगा याची आफ्रिकी प्रार्थना एकत्र गुंफून नवे राष्ट्रगीत तयार करण्यात आले.

सर्वांनी स्तब्ध उभे राहण्याचा हा क्षण असल्याने, न उभे राहणे किंवा वेगळ्या रीतीने उभे राहणे, हे निषेधाचे प्रभावी साधन ठरले. १६ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको सिटी येथे २०० मी. शर्यतीतील विजेता टॉमी स्मिथ व तिसरा आलेला जॉन कार्लोस या अमेरिकन कृष्णवर्णीय धावपटूंनी काळे मोजे घातलेली मूठ उंचावून आपल्या देशातील वर्णभेदाचा निषेध केला. त्यांना पथकातून काढून परत पाठविण्यात आले. त्याच सामन्यांत चेकोस्लोव्हाकियाची व्यायामपटू व्हेरा चास्लावस्का हिने सोव्हिएट राष्ट्रगीत चालू असताना मान वळवून घेतली. तिच्या देशात सोव्हिएट रणगाडे शिरल्याला दोन महिनेच झाले होते. अमेरिकन फुटबॉलमध्ये २०१६ साली कॉलिन केपर्निक याने आरंभी बसून व नंतर गुडघा टेकून पोलिसी अत्याचारांचा निषेध केला आणि पुढील हंगामापासून त्याला कोणत्याही संघाने घेतले नाही. २१ नोव्हेंबर २०२२ रोजी कॉटारमधील विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत इराणचे खेळाडू आपल्या राष्ट्रगीताच्या वेळी ओठ मिटून उभे राहिले. पुढच्या सामन्यात त्यांनी ते म्हटले. प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवून गीत बुडविण्याचे प्रकार फ्रान्स, स्पेन व हाँगकाँग येथे घडले आहेत. स्पेनच्या राष्ट्रगीताला शब्दच नाहीत. खेळाडूंना काहीतरी गाता यावे, म्हणून तेथील ऑलिंपिक समितीने २००८ मध्ये शब्द निवडले. पण टीकेमुळे ते काही दिवसांतच मागे घ्यावे लागले.

भारतात राष्ट्रगीताचा पूर्ण पाठ सु. ५२ सेकंदांचा असून तो चालू असताना सावधान स्थितीत उभे राहावे, असे शासकीय आदेश आहेत. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणारा १९७१ चा अधिनियम गायनात जाणूनबुजून व्यत्यय आणणाऱ्यास शिक्षा सांगतो. मात्र केरळमधील शाळकरी मुलांच्या प्रकरणात १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदराने उभे राहून न गाणे हा अपराध ठरत नाही, असा निर्णय दिला.

ध्वनिमुद्रणांच्या सोयीबरोबर चुकाही आल्या. कुवेत येथील नेमबाजी स्पर्धेत २०१२ मध्ये कझाकस्तानच्या विजेतीसाठी एका विनोदी चित्रपटातील विडंबनगीत लावले गेले व तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. २०२२ मध्ये दक्षिण कोरियातील इंचॉन येथे हाँगकाँगच्या रग्बी संघासाठी चीनच्या राष्ट्रगीताऐवजी २०१९ च्या आंदोलनातील गीत वाजले. त्यानंतर हाँगकाँगच्या ऑलिंपिक समितीने नियम केला, की चुकीचे गीत सुरू झाल्यास खेळाडूंनी दोन्ही हातांनी खेळ थांबविण्याची खूण करावी व योग्य गीत लागेपर्यंत विधीत भाग घेऊ नये.