व्हाउचर आणि कफील

कोकणातल्या मुस्लिम वस्त्यांतून फिरताना कुलूपबंद घरे दिसतात. घरमालक कुठे, असे विचारले की दोन तऱ्हेची उत्तरे मिळतात. विलायतेला गेलेले तिकडचेच झाले. आखातात गेलेले मात्र पंचवीस-तीस वर्षे राबूनही परतणारच आहेत. दोघेही अंगमेहनतीच्या कामाला गेले. मग हा फरक का? आपण नशिबावर बोट ठेवून मोकळे होतो. पण कारण कायद्यात आहे.

रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतले मुस्लिम तरुण इंग्रजी अमदानीत मुंबई बंदरातून आगबोटींवर खलाशी म्हणून जात. १९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्याखाली राष्ट्रकुलातल्या माणसाला ब्रिटनमध्ये राहायला, काम करायला मोकळीक होती. मालकाची चिठ्ठी लागत नसे. अडचण इकडेच होती. पासपोर्ट द्यायचा की नाही, हे सरकारच्या मर्जीवर असे. सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही मनमानी १९६७ साली मोडली, तोवर विलायतेचे दार निम्मे लागले होते.

१ जुलै १९६२ पासून तिथे व्हाउचर पद्धत आली. 'अ' व्हाउचर ब्रिटनमधल्या मालकाने नोकरी देऊ केलेल्याला. त्याला कसब असलेच पाहिजे असे नव्हते. 'ब' डॉक्टर, परिचारिका, शिक्षक अशांना. 'क' उरलेल्या सगळ्यांना, त्यातही महायुद्धात लढलेल्यांना आधी. लँकशायर-यॉर्कशायरच्या कापडगिरण्यांना रात्रपाळीला माणसे हवी होती. आधी गेलेला भाऊबंद गिरणीत शब्द टाकी आणि मागच्याचे काम होई. कागदावर सही मालकाची, पण खरी शिफारस नातलगाची!

महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. व्हाउचर दाखवून आत शिरलेला माणूस त्या मालकाला बांधलेला नसे. काम आवडले नाही तर तो दुसरीकडे जाई. बायको आणि सोळा वर्षांखालील मुले आणता येत. पाच वर्षे झाली की नागरिक म्हणून नोंद करता येई. गंमत अशी, की परदेशी माणसे कमी व्हावीत म्हणून केलेल्या या कायद्यानेच ती स्थायिक झाली. पूर्वी चार वर्षे कमवायचे, गावी यायचे, पुन्हा जायचे असा अनेकांचा बेत असे. एकदा गेलो तर परत शिरता येणार नाही, या धास्तीने त्यांनी कुटुंबे बोलावून घेतली.

'क' व्हाउचर फार टिकले नाही. १९६५ च्या श्वेतपत्रिकेने ते रद्द केले. उरलेल्यांची वार्षिक मर्यादा ८,५०० केली, त्यातली १,००० माल्टासाठी. १ जानेवारी १९७३ पासून १९७१ चा कायदा अमलात आला आणि ठरावीक मालकाचा, ठरावीक मुदतीचा परवाना लागू लागला. कसब नसलेल्याला हळूहळू वाटच उरली नाही.

त्याच १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि आखाताला हात हवे झाले. इथे मालकाचे नाव कफील. अरबीत कफील म्हणजे जामीन राहणारा. अनाथ मुलाचा सांभाळ करण्यालाही कफालाच म्हणतात. इतक्या मायेचा शब्द, आणि त्याच्या आडून पासपोर्ट दाबून ठेवण्याची रीत पडली. व्हिसा कफीलच्या नावाशी जोडलेला. नोकरी बदलायची तर त्याची परवानगी. सौदी, कतारमधून मायदेशी यायचे तरी पूर्वी त्याचीच लागे. आपल्या १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने कमी शिकलेल्यांचे करार तपासायची व्यवस्था केली खरी, पण विमान उतरल्यावर तिचा हात कुठवर पोहोचणार? कतारने २०२० मध्ये आणि सौदीने २०२१ मध्ये नोकरी बदलण्याच्या अटी सैल केल्या. मजुराला कायमचे राहण्याचा हक्क मात्र त्यातून मिळाला नाही.

ब्रिटनच्या व्हाउचरवरचे मालकाचे नाव दारापुरते होते. इकाम्यावरचे नाव शेवटपर्यंत राहते. नोकरी संपली की इकामा संपतो आणि साठीचा माणूस खोकी बांधू लागतो. ज्यांच्यासाठी तो तिथे राबला, ती मुले त्याने बहुतेक फोटोतच वाढताना पाहिलेली असतात. विलायतेतल्या भावाची नातवंडे सुट्टीत गावी आली, तर त्यांच्याशी बोलायला घरात इंग्रजी येणारे कुणीतरी शोधावे लागते.