क्रोमॅटिन-संघटक प्रथिने आणि आरएनए

क्रोमॅटिन-संघटक प्रथिने ही पेशीकेंद्रकातील डीएनएची घडी ठरवणारी प्रथिने होत. मानवी पेशीतील सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. या गुंडाळीस क्रोमॅटिन म्हणतात. संघटक प्रथिने तिला ठिकठिकाणी वळसे घालून दूरचे भाग जवळ आणतात. कोणते जनुक चालू राहावे आणि कोणते बंद, हे ठरण्यास त्यामुळे मदत होते. यांपैकी काही प्रथिने आरएनएशीही बांधली जातात. आरएनए हा जनुकाचा निरोप्या असतो, तसाच काही वेळा जनुकाच्या नियमनात भागीदारही असतो. मात्र नेमके कोणते प्रथिन आरएनएला थेट धरते, याविषयी मतभेद आहेत.

पुण्यातील संशोधन

महाराष्ट्रात या क्षेत्रातील महत्त्वाचे काम एसएटीबी१ या प्रथिनावर झाले. १९९२ मध्ये अमेरिकेत शोधले गेलेले हे प्रथिन थायमस ग्रंथीतील टी-पेशींत विपुल असते आणि तेथील क्रोमॅटिनचे वळसे बांधून ठेवते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात संजीव गलांडे व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की, या प्रथिनाला फॉस्फेट गट जोडला गेला की ते जनुके दाबते आणि तो नसताना चालू करण्यास साहाय्य करते. म्हणजे ते खटक्यासारखे दोन्हींकडे फिरते. गलांडे यांना २०१० चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. हे संशोधन डीएनए व प्रथिनांच्या संबंधावरचे आहे. आरएनएचा सहभाग इतर प्रथिनांच्या अभ्यासातून पुढे आला.

एक्स गुणसूत्राचे निष्क्रियीकरण

आरएनएच्या सहभागाचे सर्वांत भक्कम उदाहरण मादीच्या पेशीत आढळते. वार असणाऱ्या सस्तन प्राण्यांत मादीला दोन एक्स गुणसूत्रे असतात व त्यांपैकी एक बंद केले जाते. तीनरंगी मांजरीच्या कातडीवरील काळे-नारिंगी ठिगळ हा त्याचाच दृश्य परिणाम होय. धाराशिव जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काळ्या उस्मानाबादी शेळीत असे काही डोळ्यांना दिसत नाही, परंतु तिच्या शरीरपेशींतही एक एक्स गुणसूत्र असेच मिटलेले असते.

हे काम झिस्ट नावाच्या आरएनएपासून सुरू होते. सुमारे १७ हजार अक्षरांचा हा रेणू प्रथिन बनवत नाही; ज्या गुणसूत्रावर तो तयार होतो, त्यालाच तो वेढतो. सॅफ-ए हे प्रथिन एका टोकाने डीएनए व दुसऱ्या टोकाने आरएनए धरते. काही प्रकारच्या पेशींत ते काढून घेतल्यास झिस्ट गुणसूत्रावरून विखुरतो. स्पेन हे दुसरे प्रथिन झिस्टच्या विशिष्ट भागाला बांधले जाते आणि जनुके बंद करणारी यंत्रणा तेथे आणते.

सीटीसीएफ आणि वाद

सीटीसीएफ हे ११ झिंक फिंगर असलेले प्रथिन क्रोमॅटिनच्या वळशांच्या मुळाशी आढळते. २०१३ मध्ये असा निष्कर्ष मांडला गेला की, जेपीएक्स नावाचा आरएनए सीटीसीएफला झिस्टच्या जनुकावरून हुसकावतो आणि त्यामुळे ते जनुक चालू होते. २०१९ मध्ये उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींतील सीटीसीएफचा आरएनए-बंधक समजला जाणारा एक भाग वगळण्यात आला, तेव्हा सुमारे निम्मे वळसे कमकुवत झाले. या प्रयोगांतून आरएनएचे महत्त्व सूचित होते. तरीही प्रथिनाचा तुकडा काढल्यावर इतरही काही बिघडू शकते, ही शंका रास्त आहे.

२०२४ मध्ये या शंकेला वेगळ्या दिशेने बळ मिळाले. पेशी फोडल्यावर प्रथिने व आरएनए एकमेकांत मिसळतात आणि मूळ पेशीत नसलेल्या जोड्या जुळतात. हे पडताळण्यासाठी संशोधकांनी खूणचिठ्ठी लावलेल्या प्रथिनाच्या मानवी पेशी व तशी खूण नसलेल्या उंदराच्या पेशी एकत्र केल्या. नेहमीच्या पद्धतीत उंदराच्या आरएनएशीही बंध दिसला, जो पेशीत असणे शक्यच नव्हते. प्रथिनांची घडी मोडेल अशा तीव्र द्रावणांनी धुतल्यावर पीआरसी२, सीटीसीएफ आणि वायवाय१ यांचे आरएनए-बंध टिकले नाहीत. सॅफ-ए आणि स्पेन यांचे बंध मात्र याच कसोटीत टिकले.