सुरखी ते राख : बांधकामातील टाकाऊ द्रव्यांची परंपरा

यंत्राच्या तोंडातून काँक्रीटचे थरावर थर सोडून भिंत उभारण्याची मुद्रित बांधकामाची पद्धती अलीकडची होय. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात बेहरोख खोशनेविस यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तिच्या विकासास प्रारंभ केला. भारतात २०२१ साली आयआयटी मद्रासच्या आवारात असे घर उभे राहिले. तथापि अशा काँक्रीटमध्ये टाकाऊ द्रव्ये मिसळण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे.

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन स्थापत्यकार विट्रुव्हिअस याने नदीच्या वा समुद्राच्या वाळूत एकतृतीयांश प्रमाणात खापऱ्यांची चाळलेली पूड घालावी, असे सांगितले आहे. आपल्याकडील सुरखी ही त्याच जातीची. फारसी ‘सुर्ख’ म्हणजे तांबडा. विटांच्या पुडीचे हे नाव तिच्या रंगावरून पडले. १८९५ साली पूर्ण झालेल्या मुल्लपेरियार धरणात चुना व सुरखी वापरली आहे. मंद आचेवर भाजलेल्या मातीतील सिलिका चुन्याशी संयोग पावते, हे या मिश्रणाच्या बळकटीचे रहस्य होय.

पुढे कारखान्यांनी नवी टाकाऊ द्रव्ये निर्माण केली. पाण्याने एकदम थंड केलेली लोखंडाची मळी चुन्याच्या योगाने घट्ट होते, हे जर्मनीत एमिल लांगेन यांनी १८६२ मध्ये दाखविले. दगडी कोळशाच्या राखेचा काँक्रीटमधील उपयोग कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १९३७ मध्ये मांडला.

मुद्रित बांधकामात या द्रव्यांचे महत्त्व विशेष आहे. जाड खडी नळीतून जात नाही. त्यामुळे सिमेंटचे प्रमाण वाढते आणि काटकसरीचा दावा लंगडा पडतो. राखेचे गोल कण मिश्रण प्रवाही करतात व सिमेंटची बचत करतात. परंतु राखेने मिश्रण सावकाश घट्ट होते, आणि खालच्या थराने वरच्या थराचा भार लगेच पेलावयाचा असतो. येथेच तिच्या प्रमाणाला मर्यादा पडते.

टाकाऊपण हेही कायमचे नसते. ब्रिटनमधील कोळशावरील अखेरचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. तेथे ताज्या राखेचा तो स्रोत आटला. त्यामुळे भाजलेल्या मातीकडे आणि पाडलेल्या इमारतींच्या राडारोड्याकडे संशोधकांचे लक्ष वळले आहे. म्हणजे यंत्र नवे असले, तरी त्याच्या तोंडी जाणारे द्रव्य पुन्हा सुरखीच्या कुळातील ठरण्याचा संभव आहे. जुन्या गवंड्यांचे ज्ञान केवळ पुराणवस्तू मानणे म्हणूनच युक्त नव्हे.